आप्पांचा डावा कोपरा

पुंडलिक आप्पा आयुष्यात एकदाही कबड्डी खेळले नाहीत. दम्याचा माणूस. चार वेळा 'कबड्डी' म्हणायचं तर पाचव्या वेळेस खिशातला पंप चाचपावा लागायचा. पण आमच्या मिलच्या संघात कोणाला ठेवावं, कोणाला काढावं, कोणाच्या जागी कोण हवा, याबद्दल त्यांच्या एकट्याकडे जितकी मतं होती तितकी मैदानात उतरणाऱ्या सातही जणांकडे मिळून नव्हती. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते गावी गेले आणि तिकडेच संपले. पण टीव्हीवर कबड्डीच्या खेळाडूंचे लिलाव सुरू झाले की अजून माझा कान भिंतीकडे जातो. पलीकडून खोकला येईल, मग शिवी येईल, मग "वहिनी, टीव्ही लाव वं" येईल, असं वाटतं.

त्यांची आमची भिंत एकच. सुरतच्या डिंडोलीतली रो-हाऊस, एका विटेची भिंत. इकडे मी फोडणी टाकली की तिकडे आप्पा शिंकणार. या भिंतीनं पुढे माझा घात केला. म्हणजे घात माझ्या तोंडानं केला. पण त्या वयात मी स्वतःला सोडून सगळ्यांना दोष द्यायची, त्या सवयीनं भिंतीला देते.

आप्पा पांडेसऱ्यातल्या मिलच्या घडी खात्यात होते. रंगून, छापून, सुकून आलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या आणि प्रत्येक घडीत पुठ्ठा सरकवायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. कडा मुडपलेले पुठ्ठे ते घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर निळ्या पेन्सिलीनं मैदान आखायचं, सात जागा मांडायच्या, प्रत्येक जागी नाव आणि नावाखाली त्या माणसाचा दोष. फक्त दोष. 'उजवा पाय आधी उचलतो.' 'बघ्यांत ओळखीचं कोणी दिसलं की फुगतो.' 'बायको माहेरी गेली की खेळ सुधारतो.' मी एकदा म्हटलं, "आप्पा, कोणाचा एखादा गुण लिहा की."

"गुन मैदानमा सर्वास्ले दिसस. दोष लिखी ठेवना पडस."

आता संघाची रीत सांगायला हवी, नाहीतर एका कबड्डीच्या जागेसाठी माणसं इतकी का झुरतात ते कळायचं नाही. मिलच्या शेठना कबड्डीचं वेड. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास मिलामिलांचे सामने व्हायचे. आपल्या मिलचं नाव व्हावं म्हणून शेठनी नियम केला होता की जे सात जण संघात, त्यांना वर्षभर दिवसपाळी आणि पक्कं हजेरीकार्ड. बाकीच्यांनी येईल ती पाळी करायची. त्यामुळे संघातल्या जागेवर एकेकाचा संसार उभा असायचा. यादी करायचे आमचे हे. मिलमध्ये सुपरवायझर, म्हणून संघाचे मॅनेजर. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटला की हे शेठसमोर यादी वाचायचे. शेठनी कधी एक नाव बदललं नाही.

लोकांच्या लेखी हंगाम उत्तरायणाचा. आप्पांच्या लेखी खरा हंगाम आखाजी ते दसरा. आखाजीला आमचं अर्धं डिंडोली रिकामं होतं. अमळनेर, शिरपूर, पारोळा, जो तो आपापल्या गावी. लेकी झोक्यावर, जावई आमरसावर. आणि परत येताना प्रत्येकाच्या पिशवीबरोबर एक पाव्हणा येतो. भाचा, साला, चुलत भाऊ. "सुरतला याला कुठेतरी लावून द्या." कुठेतरी म्हणजे आमच्याकडे संघात. मागल्या वर्षी ज्याचा खांदा जरा दुखला होता त्याच्या जागी हा. आप्पा ओट्यावर बसून प्रत्येक रिक्षातून कोण उतरतं ते बघत आणि कपाळाला हात लावत.

"आपला संघ आखाजीले बिघडस, नि उत्तरायनले दिसस."

त्यात येणारा प्रत्येक पोरगा चढाईवाला. पलीकडे जायचं, दोघांना हात लावायचा, मांडीवर थाप मारत परत यायचं. टाळ्या मिळतात, पोरी बघतात. पकड करायला कोणी तयार नाही. एका वर्षी यांनी सातांत पाच चढाईवाले घेतले. आप्पा यादी ऐकून म्हणाले, "रमेशभो, हाऊ संघ नही, वरात शे. सर्वा नाचनार. घोडाले कोन धरी?" दोन दिवस हे त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जाऊन चहा पिऊन आले. यांना माहीत होतं की म्हातारा खरं बोलतो. माणूस वाईट नव्हता माझा. जरा बायकोच्या धाकातला होता, आणि बायको मी होते.

सगळ्यांत अवघड माणूस डाव्या कोपऱ्याचा, हे आप्पांचं ठाम मत. चढाईवाला परत वळला की वाकून त्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच काम. पुढे पुढे करायचं नाही, टाळी मागायची नाही, उभं राहून वाट बघायची. "वाट दखता येस असा एक दखाड माले आख्खा सुरतमा," ते म्हणायचे.

त्या वर्षी आमचा जुना डावा कोपरा काम सोडून कायमचा गावी गेला. जागा रिकामी झाली, आणि आप्पांना हवा तो माणूस सापडला तो एका बोकडामुळे.

रविवारच्या बाजारात खाटकाच्या हातून बोकड सुटला. मागे चार माणसं आरडाओरडा करत. रस्त्याच्या कडेला एक पोरगा सायकलचं पंक्चर काढून घेत उकिडवा बसला होता. तो उठला नाही की ओरडला नाही. बोकड अगदी जवळून जाईपर्यंत थांबला, डावा हात पुढे काढला आणि मागचा पाय धरला. बोकड जागच्या जागी. खाटीक येईपर्यंत त्यानं पाय धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं पंक्चरवाल्याला भोक दाखवत राहिला. आप्पा भाजीची पिशवी तिथेच टाकून त्याच्यासमोर बसले. "तुनं नाव काय शे, भाऊ?"

मिलिंद. बावीस वर्षांचा, रेल्वे लाइनपलीकडच्या वस्तीतला, बौद्ध घरातला. लूमवर बारा तासांची रात्रपाळी करायचा. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आप्पांच्या ओट्यावर आले. तेही जन्मभर लूमवर होते. त्या खडखडाटानं त्यांचे कान पार गेलेले, त्यामुळे साधं बोलणंसुद्धा सभेत बोलल्यासारखं. "आप्पा! माझे कान गेले ते गेले! पोराचे वाचवा! त्याला मिलमध्ये घ्या!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. मलाही गेलं. तांदूळ निवडत होते मी. हात थांबला नाही.

मग पावसाळाभर आमच्या मागच्या मोकळ्या जागेत मिलिंदचा सराव. आप्पा छत्री धरून खुर्चीत, मिलिंद चिखलात. गल्लीतले धडधाकट बाप्ये त्याच्या अंगावरून पळायचे आणि एकामागून एक तोंडावर पडायचे. आप्पांनी पुठ्ठ्यावर डाव्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहिलं आणि खाली दोष लिहायला पेन्सिल टेकवली, ती महिनाभर तशीच. दोष सापडेना. शेवटी लिहिलं, 'कोणाला शिवी देत नाही.'

आता गोष्टीत मी येते, आणि तिथंच ती नासते.

तेव्हा मी चौतीस वर्षांची. मॅनेजरची बायको. नायलॉनची साडी, कानात झुबे, आणि चालणं असं की मिलचा बॉयलर माझ्याच जोरावर तापतोय. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी वाट सोडून जाईन, नाहीतर तिच्या पदराला मागून चिमटा लावीन. त्या आखाजीला माझ्याबरोबरही एक पाव्हणा आला होता. माझा धाकटा भाऊ, भूषण. कपाळावर झुलूप, गळ्यात रुमाल, आणि आईनं निघताना माझा हात धरून सांगितलेलं, "याले मार्गी लाव, माय." चढाई करायला जागा नव्हती, म्हणून मी ठरवलं की तो डाव्या कोपऱ्यात उभा राहील. उभंच तर राहायचं!

आप्पांनी त्याला एकदाच खेळताना पाहिलं. मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला शे पोऱ्या. लगनमा नाचाले."

मी आठ दिवस त्यांच्याकडे ताक पाठवलं नाही.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. दुपारी हे जेवायला बसले. म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात मिलिंदला घेतोय. आप्पांचं बरोबर आहे. भूषणचं पुढच्या वर्षी बघू."

मी भांडले असते तर बरं झालं असतं. भांडले असते तर यांनी ऐकलं नसतं. आमच्याकडे एक प्रथा होती. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सातही जण माझ्या स्वयंपाकघरात पंगतीला बसायचे. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार, आणि वाढायची मी. मी यांच्या ताटात बट्टी कुस्करली, तूप सोडलं आणि म्हणाले, "घ्या की मिलिंदला. चांगलाच आहे पोरगा. फक्त पंगतीच्या दिवशी त्याला कुठे बसवू, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

एवढंच. वाटीत फिरणारा चमचा माझ्यापेक्षा मोठ्यानं वाजत होता. जातीचं नाव घेतलं नाही, म्हणून मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते. यांचा घास हातात थांबला. मग यांनी मान खाली घालून जेवायला सुरुवात केली, आणि मला कळलं की भूषण संघात आला. भिंतीपलीकडचा खोकला थांबला होता. तेही मला कळलं.

सकाळी नळावर आप्पा माझी वाटच बघत होते. "वहिनी, कोपरामा जेवनारा नही लागस. धरनारा लागस."

मी उलटून म्हणाले, "आप्पा, या वयात बायकांच्या भिंतीला कान लावता?"

"कान नही लावा. तुना आवाज उना."

माझी बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांना झेंडूच्या माळा, सगळीकडे धूप. आम्ही बायकाही गेलो होतो. मिलिंद दाराशी उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. शेजारी त्याचे वडील, कानामागे हात धरून. हे यादी वाचायला लागले. सहा नावं झाली. "डावा कोपरा, भूषण." तेवढ्यात घडी खात्याच्या माणसांतून आप्पा उठले. हातात पुठ्ठा. "शेठ, हाऊ..." म्हणाले आणि धूप छातीत गेला. खोकला जो लागला तो थांबेना. एका हातानं पंप शोधताहेत, दुसऱ्या हातानं पुठ्ठा वर धरलाय, आणि तो पुठ्ठा गदागदा हलतोय. कोणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. मीही पदरात हसले, खोटं कशाला बोलू? शेठनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं आणि त्यांना बाहेर हवेत न्यायला सांगितलं. दाराशी मिलिंदच्या वडिलांनी पोराला विचारलं, "काय म्हणाले? घेतलं?" ते सगळ्यांना ऐकू आलं. मिलिंदनं मानेनंच नाही म्हटलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, आमचा संघ हरला असेल आणि आप्पा खरे ठरले असतील. देव इतका सरळ असता तर काय हवं होतं! आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात समोरच्या संघात एकच खरा चढाईवाला होता, आणि उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर पतंगाच्या मांज्यानं त्याची दोन बोटं चिरली. तो उतरलाच नाही. भूषणच्या कोपऱ्याकडे दोन वेळा कोणी आलं असेल नसेल. त्याला घोटा धरावा लागला नाही, तो उभा राहिला, आणि आम्ही जिंकलो. गल्लीत ढोल वाजले. मी पातेलंभर शिरा केला आणि काजू घातलेली पहिली वाटी आप्पांकडे घेऊन गेले.

"तोंड गोड करा आप्पा. डावा कोपरा जिंकला."

त्यांनी वाटी घेतली. खुर्चीतून वर बघून म्हणाले, "आपन नही जिकनूत. मांजा जिकना." मी वळले तर मागून आवाज आला, त्यात राग नव्हता, थकवा होता. "हारतूत तं बरं व्हतं, वहिनी. आते तुम्ही दर सालले हाईच करश्यात."

आमच्यात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. संध्याकाळी वाटी आली, घासून लख्ख. आत पुठ्ठ्याचा एक तुकडा. मैदान आखलेलं, सहा नावं, सहा दोष. डावा कोपरा कोरा.

पुढे दर वर्षी तेच झालं. आखाजी आली की पाव्हणे आले, आणि आता तर यांना आयतं उत्तर मिळालं होतं: मागे आप्पांचं ऐकलं नाही तेव्हाच तर जिंकलो! संघात साले वाढले, मेहुणे वाढले, पहिल्याच सामन्यात हार ठरलेली. मग शेठचं वेड ओसरलं, नियम गेला, संघही गेला. भूषणची दिवसपाळी मात्र टिकली. तो पुढे दुसऱ्या मिलमध्ये रंगखात्याचा मास्तर झाला, वेसूकडे फ्लॅट घेतला. रक्षाबंधनाला येतो, उभ्या उभ्या राखी बांधून घेतो. मी पाण्याचा तांब्या पुढे केला की म्हणतो, "नको ताई, हे पाणी आता सोसत नाही. आमच्याकडे आरओ आहे." माझ्या घरचं पाणी आता माझ्या भावाला चालत नाही. मी तांब्या परत आत नेऊन ठेवते.

मिलिंद लूमवरच राहिला. वर्षानुवर्षं रात्रपाळी.

आमचे हे वारल्यावर आप्पा टीव्ही बघायला माझ्याकडे यायला लागले. लिलाव लागले की पुठ्ठा मांडीवर. कोट घातलेली माणसं एका चढाईवाल्यासाठी ओरडू लागली की आप्पा टीव्हीकडे पेन्सिल रोखून म्हणत, "ल्या, अजून एक नवरदेव ल्या! कोपरामा कोन, तुना सासरा उभा राही का?" मी हसून हसून बेजार. असं वाटायचं की म्हातारा सगळं विसरला. पण सहा महिन्यांनी दसरा यायचा, आणि आप्पा आमच्या मिलच्या संघाची यादी करायचे. संघ नाही, शेठ नाही, यादीतले दोघे तर देवाघरी. तरी सहा नावं आणि एक कोरी जागा.

मी एकदा वैतागून म्हणाले, "आप्पा, पुरे की आता. तेवढा कोपरा भरून टाका."

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "तू भर."

माझा हात पुढे झाला नाही. नाव माहीत होतं, लिहिताही येत होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "आवाज मोठा कर, वहिनी. काय बोलतस ते ऐकू येत नही." टीव्हीबद्दल बोलत होते.

यंदा आखाजीच्या आधी त्यांचे पाय सुजले. पुतण्यानं गावी बोलावलं. स्टेशनला सोडायला कोण येणार, विचारलं तर म्हणाले, "मिलिंद येई. त्यानी रिक्षा शे आते." मला माहीतच नव्हतं की इतकी वर्षं तो दर महिन्याला लाइन ओलांडून आप्पांकडे येत होता. भिंत एका विटेची, पण मला ऐकू आलं नव्हतं.

सकाळी लवकर उठून मी वरण-बट्टी केली. वांग्याची भाजी केली. आप्पांचा डबा भरला आणि एक ताट वेगळं काढून ठेवलं. मिलिंदनं रिक्षा लावली. केस पिकलेत. खांदे तेच. मी दारातून म्हटलं, "मिलिंद, आत ये ना. दोन घास खाऊन घे."

त्यानं आप्पांची पिशवी उचलली. ऐकू गेलं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं, कानामागे हात धरला, थेट बापासारखा. मग मी ओरडले. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली एवढ्या मोठ्यानं ओरडले. "आत ये, मिलिंद! माझ्या स्वयंपाकघरात बस! जेव!"

आता त्याला कळलं. हसला. चांगला हसला, त्यात टोमणा नव्हता, तेच लागलं. "नको वहिनी. गाडी चुकेल."

गाडीला दोन तास होते. उधना स्टेशन जवळ. दसऱ्याआधीच्या त्या रविवारी मी किती हळू बोलले होते, आणि तेवढं पुरलं होतं.

आप्पांना रिक्षात पाय उचलून ठेवता येईना. मिलिंद त्यांच्यासमोर उकिडवा बसला. डाव्या हातानं त्यानं सुजलेला घोटा धरला, घट्ट पण दुखणार नाही असा, आणि पाय अलगद उचलून आत ठेवला. मग दुसरा. आप्पांनी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"दख, वहिनी," म्हणाले. "असा धरतस."

मग त्यांनी पंप खिशात ठेवला, मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला, आणि रिक्षा रेल्वेखालच्या गरनाळ्याकडे वळली तोवर मागे पाहिलं नाही.